पुन्हा देऊन पाहा : तान्ह्या बाळांची दुधाची उशिरा उमटणारी ॲलर्जी



समोर पाहते तर आजी-आजोबा बरेच, तान्ह्या मुलांच्या आया अगदी थोड्या. संध्याकाळची वेळ म्हणजे तान्ह्यांची रडायची वेळ, तेव्हा आया येणार तरी कशा! पण मला हा श्रोतृवर्ग सोयीचा आहे. लालबाग-परळमध्ये लहान मुलांचा दवाखाना चालवताना एक गोष्ट पक्की कळली. बाळाचा केस पेपर आईच्या हातात असतो, निर्णय मात्र घरात होतो. सासूबाई, आई, गावाहून आलेली मावशी, चाळ असेल तर समोरच्या खोलीतल्या काकू, आणि हल्ली फोनवरचा नातेवाइकांचा ग्रुप. वरचं दूध सुरू करायचं का, बाळंतिणीनं काय खायचं, काय बंद करायचं, हे सगळं या पंचायतीत ठरतं. म्हणून आजचं बोलणं मुख्यतः पंचायतीसाठी आहे.

काही थोड्या तान्ह्या मुलांना दुधातली प्रथिनं सोसत नाहीत. आणि हा त्रास दूध पोटात गेल्या गेल्या होत नाही, काही तासांनी होतो, कधी दोन-तीन दिवसांनी उमटतो. या उशिरामुळे दोन्हीकडून घोटाळा होतो. ज्यांना खरोखर हा आजार आहे, त्यांना भलतीच औषधं मिळत राहतात. ज्यांना तो नाही, अशा कितीतरी मुलांवर त्याचा शिक्का बसतो. मला जे सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकते. या ॲलर्जीची खात्रीची तपासणी एकच आहे : दूध बंद करायचं, सुधारणा होते का पाहायचं आणि मग तेच दूध पुन्हा देऊन पाहायचं. पहिला अर्धा भाग सगळे करतात. दुसरा अर्धा भाग जवळजवळ कुणी करत नाही, आणि तो केला नाही तर पहिल्याला काही किंमत नाही.

ॲलर्जी म्हटलं की आपल्याला आठवते ती झटपट जात. कोळंबी खाल्ली, दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घुसमटला. या प्रकारामागे आयजीई नावाचं प्रतिद्रव्य असतं. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका पतिपत्नींनी आणि स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिश यांनी ते वेगवेगळं शोधून काढलं. ते रक्तात मोजता येतं, कातडीवर टोचून त्याची चाचणी घेता येते. दुधाची अशीही ॲलर्जी असते आणि ती जिवावर बेतू शकते. पण उशिरा येणाऱ्या प्रकारात आयजीईचा हात नसतो. तिथे आतड्याच्या अस्तरातल्या पेशीच, मुख्यतः टी-पेशी, दुधाच्या प्रथिनाला परकं समजून दाह सुरू करतात. त्याला वेळ लागतो. त्यामुळे रक्ताची चाचणी कोरी येते, कातडीची चाचणी कोरी येते, आणि घरचे म्हणतात, 'रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे ॲलर्जी नाही.' असं म्हणता येत नाही. उलट बाजूनं, शंभर पदार्थांची यादी छापून देणारी आयजीजी या दुसऱ्या प्रतिद्रव्याची महागडी चाचणी कुणी करून आणली, तर तिच्यातून एवढंच कळतं की बाळाच्या शरीराची त्या पदार्थाशी ओळख झाली आहे. ओळख म्हणजे वैर नव्हे. ते पैसे वाचवा.

आता हा आजार घरात कसा दिसतो ते पाहू. दीड महिन्याचं बाळ आहे. नुसतं अंगावर पितं, वजन छान वाढतंय, हसतंय. एक दिवस लंगोटात शेंबडासारखी चिकट शी आणि तिच्यात रक्ताच्या रेघा. घर हादरतं. पंचायत म्हणते, आव पडली. औषधाच्या दुकानातून आवेचं औषध येतं, ते लागू पडलं नाही की अँटिबायोटिक, मग दुसरं अँटिबायोटिक. अशा बाळाला बहुधा कुठलाही जंतुसंसर्ग नसतो. त्याच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला थोडा दाह झालेला असतो. आई जे दूध, दही, पनीर खाते, त्यातल्या प्रथिनांचा अगदी सूक्ष्म अंश तिच्या दुधात उतरतो. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन माणसाच्या दुधात मुळात नसतंच. तरी गाईम्हशीचं दूध घेणाऱ्या अनेक आयांच्या दुधात ते नॅनोग्रॅमच्या मापात सापडतं. एखाद्या बाळाच्या आतड्याला तेवढंही पुरतं. इथे एक वाक्य जोरात म्हणायला हवं : आईचं दूध बाळाला बाधत नाही. अंगावर पाजणं बंद करायचं नाही. बाधतो तो बाहेरच्या दुधाचा अंश, आणि तो आईच्या ताटातून काढता येतो.

प्रत्येक रक्ताची रेघ ॲलर्जीची नसते, हेही लगेच सांगते. शीच्या जागी चीर पडलेली असू शकते. आईच्या स्तनाग्राला भेगा असतील तर बाळानं गिळलेलं रक्त तिचंच असतं. अगदी नवजात बाळात के जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. आणि सहा-आठ महिन्यांचं मूल मध्येच कळवळून रडत असेल, पाय पोटाशी घेत असेल, उलट्या करत असेल आणि लालभडक जेलीसारखी शी झाली असेल, तर आतड्यात आतडं अडकलेलं असू शकतं. तिथे दूध बंद करून वाट पाहायची नाही. रिक्षा-टॅक्सी मिळेल ती पकडून थेट हॉस्पिटल.

दुसरा प्रकार कमी आढळतो, पण जास्त नाट्यमय आहे. डॉक्टर मंडळी त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून त्याला 'एफपाइज' म्हणतात. सहावा महिना, उष्टावण. बाळ मामाच्या मांडीवर, चांदीची वाटी, तांदळाची खीर, फोटो. दोन-अडीच तासांनी, पाहुणे जेवून पांगत असताना, बाळ उलट्या करू लागतं. एक नव्हे, लागोपाठ. पांढरंफटक पडतं, मलूल होतं, हात लावला तर गार लागतं. घरात एकच निदान होतं : दृष्ट. मीठ-मोहऱ्या-मिरच्या उतरवल्या जातात. काही तासांत बाळ आपोआप सावरलं तर दृष्ट खरीच होती असं सिद्ध होतं! हॉस्पिटलात नेलं तर तिथलं निदानही दर वेळी बरोबर येतंच असं नाही. रक्तात जंतू शिरले असतील या संशयानं अँटिबायोटिक सुरू होतात. खरं तर बाळाला गरज असते ती सलाइनची, उलट्या थांबवण्याची आणि नीट लक्ष ठेवण्याची. नंतर कुणीतरी विचारायला हवं, की दोन-तीन तास आधी याच्या पोटात काय गेलं होतं. त्या एका प्रश्नानं निदान होतं. आणि बरं का, खिरीत संशयित दोन आहेत. अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या अनुभवात घन पदार्थांपैकी या आजाराला कारण होणाऱ्यांत तांदूळ बराच वर आहे. आपण ज्या पेजेला जगातलं सगळ्यात निरुपद्रवी अन्न मानतो, ती! तेव्हा घाईनं दुधावर आरोप ठेवू नये.

तिसरा प्रकार मुकाट्यानं चालतो. जुनाट जुलाब, वजन अडलेलं, पोट फुगलेलं. आपल्या देशात असं मूल कुपोषित म्हणून नोंदलं जातं आणि त्याला भरपूर दूध पाजण्याचा सल्ला मिळतो. आजार दुधाचा आणि औषधही दूधच. भारतीय मुलांत ही ॲलर्जी असते तरी का, अशी शंका आपले डॉक्टर बराच काळ घेत होते. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेतल्या पोद्दार, याच्छा आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये आपल्याकडची मुलं अभ्यासून, आतड्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, ती असते हे मांडलं. २०२० मध्ये 'इंडियन पिडिॲट्रिक्स'मध्ये आपल्याच बालपोटविकारतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं छापून आली. म्हणजे या विषयात आपण फार जुने नाही.

इथे थोडं मागे जाते, कारण ज्या भागात आपण बसलो आहोत त्याचा या प्रश्नाशी जुना संबंध आहे. १९२१ साली मुंबईत नोंदवलेला अर्भकमृत्यूचा दर हजारी सहाशेच्या वर होता. आकडा थोडा फसवा आहे. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात, जन्म तिकडे नोंदला जाई आणि मृत्यू इकडे. तरीही एका खोलीत दोन-तीन बिऱ्हाडं राहणाऱ्या गिरणगावात, म्हणजे याच लालबाग-परळच्या भागात, काय चाललं होतं ते त्यातून कळतं. त्याच सुमाराला डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी सरकारसाठी गिरणीत काम करणाऱ्या आयांची पाहणी केली. त्यांना आढळलं, की जवळजवळ प्रत्येक बाळाला अफू दिली जात होती. बाळागोळी! आई पाळीवर जायची, मूल झोपून राहायला हवं. भुकेनं रडतंय, पोट दुखतंय की ताप आहे, हे विचारायला घरी माणूसच नव्हतं. मी त्या आयांना नावं ठेवत नाही. त्यांच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. १९२६ मध्ये परळला केईएम रुग्णालय आणि नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह उभं राहिलं, १९२९ मध्ये शेजारीच बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय आलं, आणि त्याच वर्षी मुंबई प्रांतानं देशातला पहिला प्रसूतिलाभ कायदा केला. बाळागोळी संपली. पण 'रडणं थांबलं म्हणजे दुखणं गेलं' हा समज संपला नाही. बाळागोळीची जागा आधी ग्राइप वॉटरनं घेतली, मग थेंबांच्या बाटल्यांनी, आणि आता खास डब्यातल्या दुधानं.

रडण्याचाच मुद्दा घेऊ, कारण या आजाराचा खोटा शिक्का सगळ्यात जास्त रडणाऱ्या बाळांवर बसतो. निरोगी बाळ दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून संध्याकाळी जास्त रडू लागतं, सहाव्या आठवड्याला कळस होतो, आणि तीन-चार महिन्यांत ते आपोआप ओसरतं. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या वेसेल यांनी याची व्याख्या केली : दिवसाला तीन तासांवर, आठवड्यात तीन दिवसांवर, तीन आठवड्यांवर. आपल्याकडे 'बाळानं पोट धरलंय' म्हणतात, बेंबीभोवती हिंगाचा लेप लावतात, ओव्याची पुरचुंडी शेकतात. यातून कुणाचं वाईट होत नाही. आता हिशेब पाहा. रडण्याचा कळस सहाव्या आठवड्याला. घर हैराण होऊन उपाय शोधतं तेही सहाव्या-सातव्या आठवड्याला. कोणी आईचं दूध-दही बंद करतं, कोणी डबा बदलतं, कोणी नुसतीच दृष्ट काढतं. त्यानंतर रडणं उतरतंच, ते उतरणारच होतं. आणि ज्यानं जो उपाय केला त्याला तो लागू पडला! मग ते बाळ दोन-तीन वर्षं 'दुधाची ॲलर्जीवालं' म्हणून वाढतं, नर्सरीच्या फॉर्मवर तसं लिहिलं जातं, आणि कुणी पुन्हा विचारत नाही.

यासाठीच पुन्हा देऊन पाहायचं. ही कल्पना माझी नाही, नवी तर अजिबात नाही. १९६३ मध्ये टेक्सासच्या गॅल्व्हेस्टनमधल्या आर्मंड गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी निकष घालून दिला, की दूध काढल्यावर लक्षणं ओसरली पाहिजेत, परत दिल्यावर ४८ तासांत उलटली पाहिजेत, आणि हे तीनदा तसंच घडलं पाहिजे. आज तीनदाचा आग्रह कुणी धरत नाही, एकदा पुरतं. पण तत्त्व तेच आहे. फिनलंडमधल्या अर्व्होला आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये शीतून रक्त जाणारी ४० बाळं नीट तपासली. दूध काढून, परत देऊन. किती जणांना खरी दुधाची ॲलर्जी निघाली? १८ टक्के. बाकीच्यांचं रक्त काही काळानं थांबलं, दूध चालू असूनही. युरोपातल्या नऊ देशांत बारा हजार बाळं जन्मापासून पाहणारा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कुणाला काय दिलं हे आई-बापांनाही कळू न देता दूध देऊन पडताळलं, तेव्हा खरी ॲलर्जी जेमतेम अर्ध्या टक्क्यात सापडली. ज्या समजुतीत सगळं शहर दुधानं आजारी पडलेलं दिसतं, तिच्याशी हा आकडा ताडून पाहा.

समजूत कोण पसरवतं, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०१८ साली क्रिस व्हॅन टलेकन यांचा एक लेख आला. इंग्लंडमध्ये अशा बाळांसाठीच्या खास दुधाच्या चिठ्ठ्या २००६ मध्ये वर्षाला एक लाखाच्या थोड्या वर होत्या. २०१६ मध्ये त्या सहा लाखांच्या पुढे गेल्या. ॲलर्जी तितक्या पटीनं वाढल्याचा काही पुरावा नव्हता. वाढलं होतं ते डॉक्टरांना प्रशिक्षण देणाऱ्या, मार्गदर्शक तत्त्वं लिहिणाऱ्या मंडळींचं दूधकंपन्यांशी सख्य. आपल्याकडे याला आळा घालणारा कायदा आहे, आणि चांगला आहे. १९९२ चा, २००३ मध्ये अधिक कडक केलेला. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या डबाबंद आहाराची जाहिरात करता येत नाही, डॉक्टरांना भेटी देता येत नाहीत, त्यांच्या परिषदा पुरस्कृत करता येत नाहीत. या कायद्यामागच्या चळवळीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. स्तनपानाचा पुरस्कार करणारं राष्ट्रीय जाळं, बीपीएनआय, १९९१ च्या डिसेंबरात वर्ध्याला स्थापन झालं. मुंबईत डॉ. आर. के. आनंद यांनी आयुष्यभर हा लढा दिला. त्यांची 'आकाश' संस्था कंपन्यांच्या मागे कायद्याचं पुस्तक घेऊन लागली होती. कायदा जाहिरात थांबवतो. पण निदानाच्या वाटेनं येणारी विक्री तो कशी थांबवणार? ती डॉक्टरांनी आणि घरच्यांनीच थांबवायला हवी.

आता ज्यांना खरोखर संशय घेण्याजोगी लक्षणं आहेत त्यांचं. बाळ अंगावर पीत असेल तर आईनं दोन ते चार आठवडे दुधाचे सगळे पदार्थ सोडायचे. कागदावर हे एक वाक्य आहे. गिरगावातल्या किंवा दादरच्या घरात ते काय असतं, ते आहारतज्ज्ञाला नेहमी कळतंच असं नाही. आपल्या बाळंतिणीचं स्वयंपाकघर दुधातुपावर उभं आहे. डिंकाचे लाडू तुपातले, शतावरी दुधातून, आळिवाची खीर दुधात, मेतकूट-भातावर तुपाची धार, आणि अंगावर दूध उतरावं म्हणून दोन वेळा पेलाभर दूध. त्यात बारशाचे पेढे, सत्यनारायणाचा शिरा, पंचामृत, पाहुण्यांनी आणलेलं पियुष. बिस्किटात दुधाची भुकटी असते, पुष्कळ पावांतही असते. कढवलेल्या तुपात प्रथिन फारच थोडं उरतं. पण चाचणीच्या काळात तेही नको, नाहीतर निकाल संशयात राहतो. आणि सगळ्यात अवघड, चहा. गिरणगावातल्या बाईला दूध सोड म्हटलं तर ती सोडते, पण कोरा चहा घ्यायचा म्हटलं की ती माझ्याकडे अशी पाहते की मला डॉक्टरकीच नको वाटते.

म्हणून हे करायचं तर घरानं मिळून करायचं. आळिवाचे कोकणी लाडू मुळात नारळ-गुळाचेच असतात, तेच करा. खीर नारळाच्या दुधात शिजवा. पाजणाऱ्या आईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं आपली आयसीएमआर सांगते. शंभर ग्रॅम नाचणीत त्यातलं साडेतीनशेच्या आसपास मिळतं. तिळात त्याहून पुष्कळ जास्त. मासे खाणाऱ्या घरात काट्यांसकट खाल्लेली मांदेली, सुकट, हे सगळं उपयोगी आहे. बाकीची भर गोळ्यांनी घालावी, त्यात कमीपणा नाही. आणि एक विनंती. 'तू काहीतरी खाल्लंस म्हणून बाळाला झालं' हे वाक्य उच्चारू नका. बादी, वातूळ, थंड, गरम म्हणून आपण बाळंतिणीचं ताट आधीच अर्धं रिकामं केलेलं असतं. विज्ञानानं त्यातल्या एका बारीक कोपऱ्याला दुजोरा दिला, तर त्याचा आधार घेऊन तिची डाळ, भाजी, अंडी, मासे सगळं काढून घेणं हा शुद्ध अन्याय आहे. चार आठवड्यांत काही फरक पडला नाही, तर तिचा चहा दुधासकट तिला परत द्या आणि कारण दुसरीकडे शोधा.

फरक पडला, तर? तर पुन्हा द्या. आईनं आठवडाभर पूर्वीसारखं दूध-दही खावं आणि बाळाकडे पाहावं. रक्त परत आलं, तर निदान झालं. नाही आलं, तर शिक्का पुसला. रक्ताच्या रेघांखेरीज बाकी निरोगी असलेल्या बाळात हे घरी, डॉक्टरांना विचारून करता येतं. एफपाइजमध्ये मात्र घरी अजिबात नाही. तिथे हॉस्पिटलात, सलाइनची तयारी ठेवून, तज्ज्ञांसमोरच. ज्या बाळाला दुधानंतर कधी अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली, त्यालाही तेच लागू आहे. माझ्या आजच्या म्हणण्याचा कुणी अर्धाच भाग घरी नेऊ नये, म्हणून हे सावकाश सांगितलं.

वरच्या दुधावर असलेल्या बाळासाठी पर्याय काय? इथे पंचायतीच्या सूचना ऐकण्यासारख्या असतात. 'गाईचं सोसत नाही तर म्हशीचं द्या.' मुंबई तर वर्षानुवर्षं म्हशीच्याच दुधावर वाढली. शहरातल्या गोठ्यांतल्या म्हशी नेण्यासाठीच १९४९ मध्ये आरे वसाहत उभारली गेली. पण म्हशीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधातल्या प्रथिनांची सख्खी भावंडं आहेत. 'बकरीचं द्या.' तेही तसंच; दहापैकी नऊ ॲलर्जिक मुलांना ते बाधतं. 'देशी गाईचं, ए-टू द्या.' ए-टू हा दुधातल्या एका प्रथिनाचा प्रकार; म्हशीचं दूध सगळंच ए-टू असतं, त्यानं काय साधलं? 'चांगलं उकळून द्या.' उकळल्यानं दह्यावर तरंगणाऱ्या निवळीतली प्रथिनं थोडी बिघडतात, केसिन हे मुख्य प्रथिन मात्र उष्णतेला दाद देत नाही. 'लॅक्टोज नसलेलं द्या.' लॅक्टोज ही साखर आहे, ॲलर्जी प्रथिनाची. जुलाबानंतर काही दिवस साखर न पचणं हा वेगळा मामला आहे. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला नाचणीचं सत्त्व, तांदळाचं पाणी किंवा बदामाचं दूध हा दुधाला पर्याय नव्हे. त्यातून खरं कुपोषण होतं.

खरा पर्याय म्हणजे प्रथिनं आधीच बारीक तोडलेलं दूध, आणि फारच थोड्या मुलांसाठी अमिनो आम्लांचं दूध. ते महाग असतं. चारशे ग्रॅमचा डबा जेमतेम चार दिवस पुरतो. सहा महिन्यांनंतर सोयाचं दूध काहींना चालतं, पण आतड्याच्या ॲलर्जीत बऱ्याच मुलांना सोयाही बाधतो. म्हणून पैशाच्या बाजूनं पाहिलं तरी अंगावरचं दूध टिकवणं हाच शहाणपणा ठरतो. ज्या बाळाला आईचं दूध मिळतच नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या आयांचं दूध जमवता येतं, हे आपल्या शहरानं आशियाला दाखवलं : दादरच्या पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी नोव्हेंबर १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. तिथलं दूध कमी दिवसांच्या, नाजूक बाळांसाठी राखलेलं असतं. ॲलर्जीच्या प्रत्येक बाळाला ते मिळेल अशी आशा मी दाखवत नाही. पण बाळाचं पोट भरणं म्हणजे डबा, हे समीकरण त्या पेढीनं मोडलं.

हा आजार कायमचा नसतो, ही त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट. रक्ताच्या रेघांचा प्रकार बहुतेक मुलांत वर्षाच्या आत जातो. बाकीचे बहुधा तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत. त्यामुळे निदान पक्कं झालेल्या मुलालाही ठरावीक काळानं पुन्हा देऊन पाहावं लागतं. इंग्लंडमध्ये यासाठी एक शिडी वापरतात : आधी बिस्किटात भाजलेलं दूध, मग केक, मग इतर शिजवलेले पदार्थ, सर्वांत शेवटी पेलाभर साधं दूध. खूप वेळ भाजलेल्या पिठातलं प्रथिन आतड्याला कमी टोचतं, हे त्यामागचं कारण. कुणी आजी म्हणतील, मग आमची दुधात भिजवलेली दशमी काय वाईट? छान सूचना आहे. पण दशमी तव्यावर दोन-तीन मिनिटं भाजते आणि बिस्किट भट्टीत कितीतरी जास्त. शिडीच्या पहिल्या पायरीवर ती बसत नाही, मधल्या पायरीवर बसेल. आपल्या चुलीप्रमाणे ही शिडी कुणीतरी नीट बांधायला हवी. इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांना आणि गृहविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तो करण्याजोगा विषय आहे, आणि त्याला फार खर्चही येणार नाही.

आता घरी जाताना एक काम करा. तुमच्या नात्यात किंवा मजल्यावर एखादं मूल असेल, ज्याचं दूध कधीतरी 'सोसत नाही' म्हणून बंद केलं आणि मग तसंच राहिलं. त्याच्या आईला विचारा, पुन्हा देऊन पाहिलं का? नसेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून दोन गोष्टी मागून घ्यायला सांगा : पुन्हा कधी द्यायचं त्याची तारीख, आणि घरी द्यायचं की हॉस्पिटलात. दोन्ही केस पेपरवर लिहून घ्यायला सांगा.